तीन नंबरचा कॅमेरा

मॅनेजरने टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, त्यावर दादाचे बूट ठेवले आणि मला सही करायला सांगितलं. दोन दिवस होडीतून आणि चिखलातून, पायांना चिकटलेल्या जळवा उपटत, मी या जंगलातल्या लॉजवर आलो होतो ते भावाला घरी न्यायला, आणि हा माणूस मला बूट देत होता. निघताना आई एवढंच म्हणाली होती की त्याचं काहीतरी आण, ज्याला हात लावला की तो गेला हे मला पटेल. तेही मी याला सांगितलं होतं.

दादा इथे चार वर्षं कामाला होता. पाहुण्यांना जनावरं दाखवायची आणि दर सोमवारी झाडांना गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधलेले कॅमेरे तपासायचे. समोरून काही गेलं की ते आपोआप फोटो काढतात. तीन आठवड्यांपूर्वीच्या सोमवारी तो गेला तो परत आलाच नाही. यांनी आठ दिवस शोधलं, मग पाहुणे यायचे होते म्हणून थांबवलं. बूट तीन नंबरच्या कॅमेऱ्यासमोर सापडले होते, जोडीने ठेवलेले, नाड्या सोडलेल्या.

"घसरून नदीत पडला असेल," मॅनेजर म्हणाला.

"बूट काढून घसरला का, साहेब?"

मी फोटो मागितले, तेव्हा त्याने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. साळिंदर, रानडुकरं, एक उदमांजर, आणि दर सोमवारी दहाच्या सुमारास हातापायांवर रांगणारा दादा. कॅमेरा जनावर टिपतो की नाही हे पाहायला तसं करावंच लागतं, सगळीकडे करतात, असं मॅनेजरने मला समजावलं. माझं डोकं फिरलं. लहानपणी मला पाठीवर घेऊन घरभर घोडा होणारा माझा भाऊ, त्याला यांनी डुकरांच्या वाटेवर रांगायला लावलं होतं.

पहिल्या वर्षी तो हसत होता. एका फोटोत जीभ बाहेर, एकात डोक्यावर दोन बोटांचे कान. गुडघे मातीत, ढुंगण वर. आईने पाहिलं असतं तर धपाटाच घातला असता. पुढे हसणं बंद झालं. मग गुडघे जमिनीवरून उचलले गेले. मी गवंडी आहे, शाळेत फार गेलो नाही, पण सरळ रेघ मला कळते. शेवटच्या दोन महिन्यांत त्याची पाठ इतकी सपाट होती, की वर लेव्हलची पट्टी ठेवली असती तर बुडबुडा मधोमध थांबला असता. रांगणाऱ्या माणसाची पाठ अशी राहत नाही. तो रांगत नव्हता, चालत होता.

"तुम्हाला हे दिसलं नाही?"

"कामाला चांगला होता तो," मॅनेजर म्हणाला.

मी दादाचे बूट पायात चढवले, भिंतीवरचा कोयता उचलला आणि निघालो. बूट अगदी बरोबर बसले; जन्मभर त्याचेच तर वापरत आलो होतो. तीन नंबर सापडायला अर्धा तास लागला. ऊन वरच्या पानांतच अडकलेलं, वर कुठेतरी धनेश पक्षी ओरडत होता. कॅमेऱ्यासमोर ताठ उभा राहून मी तोंडाला येईल ते बोललो, आधी मॅनेजरला, मग जंगलाला, शेवटी दादालाच. आई जेवत नाही, म्हटलं. पुरे झालं, घरी चल. मागच्या पानांत कुणीतरी श्वास घेत होतं, अगदी खालून, माझ्या गुडघ्याच्या उंचीवरून. मी वळून पाहिलं नाही. पट्टा तोडला, कॅमेरा काखेत मारला आणि परत येऊन मॅनेजरच्या टेबलावर आपटला.

"लावा. आज तिथे कोण होतं ते बघू."

त्याने कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं. तारीख आजची होती. उभ्या माणसाचे पाय एकाही फोटोत नव्हते. तोंड उघडं टाकून, चार पायांवर मी होतो, पाठ सपाट. आणि शेवटच्या फोटोत माझ्या अंगाला घासून, तेवढ्याच उंचीची आणखी एक पाठ.

मी उभा होतो, मी म्हणालो. पहिल्यापासून उभाच होतो.

मॅनेजर पडद्याकडे बघतच नव्हता. तो टेबलाखाली बघत होता.

"आईला द्यायचे होते ना?" तो हळूच म्हणाला. "बूट कुठे काढलेस?"