एक मिनिट खोलीचं

बटणाच्या डोक्यावर एक पांढरी रेघ होती, आणि ती रेघ घड्याळाच्या काट्यासारखी बारावरून अकराकडे सरकली तेव्हा बाईंचा आवाज डब्यातून बाहेर यायला लागला. म्हणजे पूर्ण नाही आला; झाकण उघडलं, इतकंच. तिने रेघ अजून केसभर ढकलली — दहा — आणि आवाजाने डब्याच्या काठावर कोपर टेकलं. नऊ... आता एक पाय बाहेर. तिला हसू आलं, पण ते तिने ओठांतच ठेवलं, कारण नोकरीच्या परीक्षेला आलेली मुलगी खोलीत एकटीच हसत बसलेली काचेपलीकडून कशी दिसत असेल याचा तिला अंदाज होता.

काचेपलीकडे वाचणाऱ्या बाई पोटावर उशी धरून बसल्या होत्या. उशी पोटासाठीच होती. माइकला पोटातलं सगळं ऐकू येतं, आणि बाईंचं पोट सकाळी दोनदा मधेच बोललं होतं, तेही नेमकं स्वल्पविरामावर. तीस वर्षं रंगभूमीवर काढलेल्या या बाई आता, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी, घरगुती यंत्रांची माहितीपुस्तकं वाचून देत. सकाळपासून फ्रीज चालला होता. ‘दार नीट लागले नाही... तर आतील दिवा... तसाच जळत राहतो,’ हे वाक्य बाईंनी असं काही म्हटलं होतं की रेकॉर्डिंग संपल्यावरही थोडा वेळ कोणी कोणाकडे पाहिलं नव्हतं.

मोठे सर फोन घ्यायला बाहेर गेले होते. त्यांना सगळे मोठे सर म्हणत. लहान सर कोणी नव्हते. जाताना दारातून म्हणाले होते, “बाईंचा आवाज जरा डब्यातला वाटतोय. बघ काही सुटतो का.” एवढंच. परीक्षा म्हणाले नव्हते. पण या स्टुडिओत मदतनिसाची एकच खुर्ची रिकामी होती, सहा महिन्यांसाठी, आणि सोमवारी तिच्या वर्गातला एक जण येऊन गेला होता, बुधवारी दुसरा, आज ती. सहा महिन्यांनंतर काय, असं विचारलं तर मोठे सर म्हणाले होते, “बघू.” या धंद्यात ‘बघू’ हे पद बरंच वरचं समजतात.

ही खुर्ची मिळाली नाही तर आत्याने दुसरी बघून ठेवलेली होती — लोकांच्या तक्रारींचे फोन घ्यायची. “अगं, हेडफोन तिथंही देतात की,” आत्या म्हणाली होती, “शिवाय जेवणाची सुट्टी.” आणि एका अर्थी आत्याचं काहीच चुकलं नव्हतं.

साडेआठ. रेघ आता जवळजवळ आडवी झाली होती, आणि आवाज — काय सांगू — आवाज बाहेर येऊन अंगणात खुर्ची टाकून बसला होता. मी हे केलं, तिला वाटलं. या दोन बोटांनी. दोन वर्षं जे शिकले ते हेच तर...

ध्वनिमुद्रणाच्या कोर्सच्या दोन वर्षांतला पहिला महिना नुसता वायरी गुंडाळण्यात गेला होता. एक वेढा वरून, एक खालून, म्हणजे वायरीला पीळ पडत नाही. ती हे घरी दाखवायला लागली तेव्हा बाबांनी तिच्याकडून शिकून आपला पाण्याचा पाइप तसाच गुंडाळून पाहिला आणि म्हणाले, “फी वसूल.” बाबा नळकाम करतात. मग कानांचा तास सुरू झाला — मास्तर एक सूर वाजवायचे आणि तो किती हर्ट्झचा ते सांगायचं — आणि मग घरात राहणंच कठीण झालं, तिला नव्हे, बाकीच्यांना. जेवताना ती मधेच घास थांबवून म्हणायची, “आपला फ्रीज शंभरवर आहे.” बाबा शांतपणे विचारायचे, “मग कमी करू का?”

आणि मास्तर... मास्तरांचा एकच प्रश्न. कोणी कधीही म्हणालं, सर, आता छान वाटतंय, की मास्तर चष्मा कपाळावर चढवायचे. “ऐकू येतंय, की ऐकू यावंसं वाटतंय?” सगळे हसायचे. कँटीनमध्येही तेच चालायचं. चहा घेतला की कोणीतरी विचारणार, साखर लागतेय, की लागावीशी वाटतेय? नोकरीच्या तयारीच्या तासाला कोणीतरी बाहेरच्या पाहुण्या बाई आल्या होत्या, त्यांनी हिला विचारलं, पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे बघतेस, आणि ही म्हणाली, खुर्चीत. तिला खरंच तसं वाटत होतं. गुण गेले.

“येऊ का आत? उशीचा कंटाळा आला.”

वाचणाऱ्या बाई दारात उभ्या होत्या, उशीसकट.

“या ना, ऐका. तुमचा आवाज सोडवलाय जरा.”

“सोडवलाय? कुणी धरला होता?” बाई सोफ्यावर बसल्या. तिने सकाळी रेकॉर्ड केलेलं पान लावलं. बाईंनी स्वतःचं वाक्य मान तिरपी करून ऐकलं, अनोळखी बाईचं ऐकावं तसं, आणि मग हात उघडून म्हणाल्या, “अगं बाई! मोकळं वाटतंय की! सकाळी मी अशी कोंबल्यासारखी वाटत होते.”

“हो ना?”

“हुशार आहेस. त्या बुधवारच्या मुलाने मला पार झुरळ केलं होतं.”

ती खूष झाली. खूष होताना माणूस उगाच आसपास बघतो तसं तिने आसपास बघितलं — तक्ता, बटणांच्या रांगा, प्रत्येक बटणाशेजारी एक चौकोनी कळ, कळीत हिरवा दिवा. कळ दाबली की दिवा लागतो, आणि मगच ते बटण आवाजाला हात लावू शकतं. दिवा नसेल तर बटण नुसतं फिरतं. रांगेतले बरेच दिवे लागलेले होते. तिच्या बटणाचा नव्हता.

तिने वाकून पुन्हा पाहिलं. नव्हताच.

पंचवीस मिनिटं. पंचवीस मिनिटं तिने बंद बटण फिरवलं होतं, केसाकेसाने, आणि आवाज केसाकेसाने बाहेर आला होता. पण मी ऐकलं ना... कोपर टेकलं तेव्हा ऐकलं, एक पाय बाहेर आला तेव्हा ऐकलं, हे काय मनाचं आहे? — होय, मनाचंच आहे, दिवा बंद आहे. कानांच्या जागी तिला एकदम दोन गरम इस्त्र्या असल्यासारखं वाटलं. बाई सोफ्यावर गुणगुणत होत्या. तिने बोट न हलवल्यासारखं हलवून कळ दाबली, हिरवा दिवा लागला, आणि स्पीकरमधल्या बाई क्षणात पत्र्याच्या नळकांड्यात गेल्या, इतक्या की खऱ्या बाई दचकून म्हणाल्या, “अगं, हे काय?”

“काही नाही, काही नाही,” तिने कळ पुन्हा दाबून दिवा घालवला. बाई परत अंगणात येऊन बसल्या.

म्हणजे आवाज सकाळपासून अंगणातच होता. डबाच नव्हता.

आता हसू यायला हवं होतं, पण आठवले बाबा. बाबा गळती कानाने शोधतात — लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पाइपला, मूठ कानाला — आणि लहानपणी तिला वाटायचं, बाबा भिंतीशी फोनवर बोलतायत. एकदा एका चष्म्याच्या दुकानदाराकडे ते असेच भिंतीशी बराच वेळ बोलले, टपटप अगदी साफ ऐकली, नेमकी जिथे असणार असं त्यांनी जिना चढतानाच ठरवलं होतं तिथे, आणि भिंत फोडली. पाइप कोरडा ठणठणीत. टपटप त्याच भिंतीवर पलीकडच्या खोलीतून टांगलेल्या घड्याळाची होती. आणि घड्याळ तर भिंतीबरोबर खाली आलेलं. घरी येऊन बाबा जेवता जेवता म्हणाले होते, “मी त्याला म्हटलं, साहेब, मी तुमचं घड्याळ दुरुस्त करायला आलो नव्हतो, पण आता गळती नाही हे नक्की.” आई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी बाबांनी भिंत बांधून दिली. हिने तेव्हा विचारलं होतं, बाबा, तुम्हाला लाज नाही वाटली? बाबा म्हणाले, “वाटली की. स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवताना वाटली. मग पुढच्या घरी परत बाहेर काढायला लागतो ना तो.”

दार उघडलं. मोठे सर चहाचा कप घेऊन आले, तिच्या मागे उभे राहिले.

“ऐकव.”

तिने लावलं. दिवा बंद. रेघ आडवी. मोठे सर डोळे मिटून ऐकत होते, त्यांच्या भुवया फ्रीजच्या दाराबरोबर वर गेल्या, आतल्या दिव्याबरोबर खाली आल्या, आणि ते म्हणाले, “हां. आता बसला. तीनशेच्या आसपासचं काढलंस ना?”

म्हणजे यांनाही! तीस वर्षं या धंद्यात मुरलेले कान. तिला आत कुठेतरी एक अतिशय वाईट आणि अतिशय गोड ऊब जाणवली. आता फक्त ‘हो सर’ म्हणायचं होतं. दोन शब्द. बटणही तीनशे हर्ट्झचंच होतं, साक्षीला. बाई तर हात उघडून साक्ष देऊन बसल्या होत्या. शिवाय खरं सांगणं म्हणजे आता नुसतं स्वतःबद्दल सांगणं नव्हतं — मोठ्या माणसाला, त्याच्याच खोलीत, त्याच्याच चहासमोर, तुमचंही माझ्यासारखंच झालं असं सांगणं होतं, आणि सोमवारच्या मुलाने नक्कीच असलं काही सांगितलं नसणार. हो सर. म्हण ना. आणि मग? उद्या, परवा, सहा महिने, दर वेळी बोटं बटणावर ठेवताना...

“मी काही नाही केलं, सर.”

“नम्रपणा पुरे. किती काढलंस?”

“नाही, म्हणजे खरंच काही नाही. दिवा बंद होता. मी पंचवीस मिनिटं बंद बटण फिरवलं.” मग, आधीच बुडालोय तर तळ बघून येऊ अशा हिशेबाने, “आणि मला फरक ऐकू आला.”

“मलाही आला!” बाई सोफ्यावरून म्हणाल्या. त्यांना हे कौतुकाचंच वाटत होतं.

मोठ्या सरांनी दिव्याकडे पाहिलं. मग बटणाकडे. मग, का कोण जाणे, कपातल्या चहाकडे. त्यांचा चेहरा बाराही महिने एकच असावा तसा होता, आणि तो वाचण्याचा कोणताही कोर्स तिने केलेला नव्हता.

“बाई, तुमची बस?”

“अय्या, निघालेच मी!” बाईंनी उशी तिच्या हातात दिली, गालाला हात लावला, आणि त्या निघून गेल्या.

“खोलीचं मिनिट राहिलंय,” मोठे सर म्हणाले. “जा, आत बस तू त्यांच्या खुर्चीत. माणूस नसला की खोली खोटी वाजते.”

खोलीचं मिनिट तिला ठाऊक होतं. काम संपलं की त्याच खोलीत एक मिनिट कोणी काही न बोलता, न हलता बसायचं आणि ते न बोलणं रेकॉर्ड करायचं. नंतर दोन वाक्यांमधल्या फटी त्याने बुजवतात. नुसती शांतता लावली तर कानाला तिथे खड्डा पडल्यासारखं वाटतं. हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं, कारण पहिल्या वर्षी वर्गाच्या अशाच मिनिटात एकोणचाळिसाव्या सेकंदाला तिला ठसका लागला होता, आणि तेव्हापासून वर्गात तिचं नाव ठसकाच पडलं. हजेरीलाही एकदा मास्तर चुकून तेच म्हणाले होते.

ती आत जाऊन बसली. खुर्ची अजून कोमट होती. उशी पोटाशी धरली. काचेपलीकडे मोठ्या सरांनी एक बोट वर केलं, लाल दिवा लागला, आणि आता काही विचारायची सोय राहिली नाही — ठेवताय का मला, हसला होता का मनात, रागावलाय का — सगळं मिनिटाच्या त्या बाजूला राहिलं.

आधी काहीच नव्हतं. मग हवेच्या जाळीतून एक बारीक सुस्कारा. मग छतात कुठेतरी काहीतरी, असेल साठच्या आसपास... नाही, राहू दे, आकडा नको. ती आकडा न लावता ऐकत राहिली, आणि मोठी गंमत म्हणजे ते थांबलं नाही. उशीच्या आत तिचा स्वतःचा श्वास. कापडावर कापड. आत्याच्या खुर्चीतही खोलीचं असं काही मिनिट असेल का, तिच्या मनात आलं, आणि त्याची भीती वाटली नाही, नुसतं कुतूहल वाटलं. मला काही ऐकायचंच नाहीये आत्ता, तिला वाटलं, म्हणून बहुतेक ऐकू येतंय. बरं वाटत होतं. उगाच, कारणाशिवाय, भरल्या पोटी उन्हात बसल्यासारखं बरं.

काचेपलीकडे मोठ्या सरांनी हात पुढे केला. तिच्या बटणावर ठेवला. मान किंचित कलती करून त्यांनी ते हळूहळू फिरवलं — केसभर डावीकडे, थांबून, केसभर उजवीकडे. दिवा लागलेला होता की नव्हता ते इथून दिसत नव्हतं.

पस्तीस, तिने मोजलं. सदतीस.

घशात, खूप खाली, काहीतरी बारीक हललं. ती हलली नाही. तिने त्याच्याकडे कान दिला — कुठून निघतंय, किती वर येतंय — अगदी स्वस्थपणे, स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून भिंतीपाशी उभं राहावं तशी.