उलट्या आट्यांचे डावे पायडल

मित्रांनो, ज्याच्या नावाचा प्रारंभच पायाने होतो, असे मी सायकलचे एक जुने पायडल आहे. आणि त्यातही डावे. उजव्याला जगात जो मान मिळतो तो डाव्याला मिळत नाही, हे आपण जाणताच. तथापि माझी तक्रार मानाबद्दल नाही. माझ्या अंगावर पाय ठेवूनच माणसे पुढे जातात आणि त्यात मला कधीही कमीपणा वाटला नाही. माझ्या मनाला जे टोचते ते निराळेच आहे. ते बोलून टाकावे, एवढ्याच हेतूने मी हे कथन आरंभिले आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मधोमध पोलादी दांडा, त्याच्या दोन्ही टोकांना छर्रे आणि बाजूंना रबराच्या दोन विटा, असा माझा देह. दांड्याच्या शेवटी आटे पाडण्याचे काम एका पोक्त बाईंकडे होते. मित्रांनो, इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. उजव्या पायडलाचे आटे सरळ असतात, डाव्याचे उलटे. जगातील बहुतेक स्क्रू ज्या दिशेने फिरवले असता घट्ट होतात, त्या दिशेने मला फिरवले तर मी बाहेर येते. हा माझा हट्ट नव्हे. चालत्या सायकलीत डावी बाजू आपोआप सुटू नये म्हणून शहाण्या माणसांनी केलेली ती योजना आहे. त्या बाई आम्हा डाव्यांना वेगळ्या टोपलीत टाकीत आणि म्हणत, "ही सगळी जावयाची जात. यांच्या कलानंच घ्यावं लागतं."

पुढे मी एका काळ्या सायकलीला जोडले गेले आणि ती सायकल एका घरी आली. त्या घरात एक सासूबाई, त्यांची थोरली सून आणि धाकटा मुलगा अशी तिघे राहत. थोरला मुलगा परगावी धरणाच्या कामावर असे आणि सुट्टी मिळेल तेव्हा येई. धाकटे चिरंजीव शिवणकाम करीत. सून त्यांना भावोजी म्हणे आणि ते तिला वहिनी म्हणत. म्हणून मीही तीच नावे वापरते. पुढच्या पडवीत भावोजींचे शिवणयंत्र होते आणि त्याच्याच शेजारी भिंतीला टेकून आमची सायकल उभी असे. शिवणयंत्रालाही खाली पायडल असतेच. अशा प्रकारे त्या पडवीत आम्ही नावबंधू होतो. फरक इतकाच की, ते जागच्या जागी कष्ट करी आणि मी गावोगाव हिंडे.

सायकल वहिनींची होती. वहिनी पाण्याचे नमुने गोळा करीत. भल्या पहाटे निघायचे, लांबलांबच्या वस्त्यांवरील विहिरी, टाक्या आणि तलाव यांचे पाणी बाटल्यांत भरायचे, बर्फाच्या पेटीत ठेवायचे आणि दुपार होण्याच्या आत प्रयोगशाळेत पोचवायचे. उशीर झाला की पाण्याचा गुण बदलतो आणि नमुना ओतून द्यावा लागतो. त्यामुळे वेळेला फार किंमत होती. वाट मोठी दूरची, चढउताराची. पण वहिनींना ती फेरी प्राणापलीकडे प्रिय होती. "हिच्या पायाला भिंगरी आहे," असे सासूबाई म्हणत. तक्रारीने नव्हे, शेजारणींपुढे मिरवीत.

आणि काय त्यांचा पाय! अडाणी माणूस तळव्याचा मधला खोलगट भाग आमच्यावर ठेवतो आणि मग पाय दुखला म्हणून ओरडतो. वहिनी बोटांमागचा फुगीर भाग बरोबर माझ्या मध्यावर ठेवीत. बुटाची नाडी बोटांकडे सैल आणि घोट्याकडे घट्ट बांधीत. कारण लांबच्या वाटेवर पाय फुगतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. घरी आल्यावर जुन्या फडक्याने माझे अंग पुसून काढीत. पायाखालच्या वस्तूला कोण पुसतो, मित्रांनो? ते दिवस माझ्या आयुष्यातील सोन्याचे दिवस होत.

सायकलीला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. पोटापाण्याची वस्तू होती ती. परंतु एके दुपारी वहिनी झोपल्या असता भावोजींना शिवलेले पडदे घाईने एका गिऱ्हाइकाकडे पोचवायचे होते. विचारायला जावे तर झोपमोड होईल, आणि कदाचित नकारही मिळेल. ते तसेच सायकल घेऊन निघाले. मी त्या सुमारास थोडी सैल झाले होते. अर्ध्या वाटेत मी निखळून रस्त्यावर पडले.

भावोजी शिवणकामात निष्णात होते आणि म्हणूनच त्यांना वाटे की, ज्याला सुई कळते त्याला सगळे कळते. एका पानवाल्याकडून त्यांनी पाना मागून आणला आणि मला सरळ दिशेने फिरवू लागले. मी कसे बसणार? जितके फिरवावे तितके मी बाहेर येई. ते घामाघूम झाले. शेवटी त्यांनी एक दगड उचलला. एकीकडे पाना फिरवायचा आणि दुसरीकडे दगडाने ठोकायचे. माझे आटे क्रँकचे आटे खात, क्रँकचे आटे माझे आटे खात, आणि मी तिरके आत घुसून रुतले. क्रँक म्हणजे ज्या लोखंडी हाताला आम्ही जोडलेले असतो तो. भावोजींनी हात झटकले आणि शीळ घातली. सायकल संध्याकाळच्या आत जागेवर होती. कोणाला काही कळले नाही.

माझा तिरकेपणा डोळ्याला दिसण्याजोगा नव्हता. पण डोळ्याला फसवता येते, तळपायाला नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनींच्या डाव्या करंगळीला मुंग्या आल्या. काही दिवसांनी पायाची बाहेरची कड चुलीवर धरल्यासारखी जळू लागली. सारा भार त्या एका कडेवर पडत होता. त्या बिचारीने किती सोसावे? पुढे पुढे तर परतीच्या वाटेवर पाय बधिरच होई. घरी आल्यावर बूट काढून त्या आपल्याच पायाकडे परक्याच्या पायासारख्या पाहत बसत. आणि मित्रांनो, तो जाळ त्यांच्या पायात मी ओतत होते. ज्या पायाने मला सांभाळले त्याच पायाला मी दर फेऱ्याला डसत होते.

वहिनींनी परोपरीचे उपाय केले. जाड मोजे घातले. पाय अधिकच आवळला. मग पातळ घातले. वाटेत ठिकठिकाणी उतरून बोटे हलवली. सीट खाली घेतली, पुन्हा वर केली. मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवून बसल्या. सासूबाई तेल चोळून देत आणि म्हणत की, आता वय झाले, पाय किती दिवस ऐकणार.

भावोजींना खरे कारण पहिल्याच आठवड्यात उमगले असावे; कारण त्या दिवसापासून ते माझ्याकडे पाहीनासे झाले. म्हणतात ना, खाई त्याला खवखवे. त्यांनी वहिनींच्या बुटात घालायला मऊ नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, अस्तर शिवले, इतक्या बारीक टाक्यांनी की कोटालाही तसे कधी घातले नव्हते. वहिनींचे डोळे भरून आले. दीर असावा तर असा, असे त्या सासूबाईंना म्हणाल्या. तेव्हा यंत्र चालवणारे भावोजींचे पाय मध्येच थांबले, हे मी शेजारून पाहिले.

एकदा वहिनी म्हणाल्या की, सायकलच दुकानात दाखवून आणावी. भावोजी चटकन उठले. "कशाला उगाच? मी सगळी बघितली. सायकलीत काही नाही वहिनी, दोष बुटाचा आहे."

मित्रांनो, हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकले. मला एकच भाषा येते, ती म्हणजे कुरकुर. मी जिवाच्या आकांताने कुरकुरू लागले. चढ आला की कुरकुर, उतार आला की कुरकुर. वहिनी कान देऊन ऐकू लागल्या होत्या. तेवढ्यात एके सकाळी भावोजी शिवणयंत्राच्या तेलाची बुधली घेऊन आले आणि माझ्या सांध्यांत त्यांनी थेंब सोडले. खरे सांगते, ते तेल मला गोड लागले. अंगाला थंडावा आला आणि माझे तोंड बंद झाले. या एका गोष्टीची लाज मला आजतागायत वाटते.

पाय बधिर म्हणून वहिनी हळू चालवू लागल्या. हळू चालवू लागल्या म्हणून उशीर होऊ लागला. लागोपाठ नमुने ओतून द्यावे लागले. प्रयोगशाळेचे साहेब दुष्ट नव्हते. त्यांनी सौम्यपणे सुचवले की, बाईंनी आता बाटल्या धुण्याचे आणि चिठ्ठ्या डकवण्याचे बसून करण्याचे काम घ्यावे; फेरीला मोटारसायकलवाला मिळतो आहे. सोमवारी काय ते सांगा, असे ते म्हणाले. वहिनी घरी येऊन पडवीत बसल्या. "भावोजी," त्या हसत म्हणाल्या, "आता मीही तुमच्यासारखी बैठी होणार." त्यांचे ते हसणे रडण्यापेक्षा वाईट होते.

शनिवारी पाय इतका सुजला की बूट चढेना. भावोजींनी आपण होऊन फेरी पत्करली. सासूबाई म्हणाल्या की, याला घराबाहेरचा रस्ता तरी ठाऊक आहे का. तरी ते गेले.

पहिल्या टाकीपर्यंत भावोजी गाणे गुणगुणत होते. पुढच्या वस्तीपर्यंत गाणे थांबले. चढावर ते डावा पाय सारखा सरकवू लागले. कधी टाच टेकवीत, कधी नुसता चवडा. तलावाशी पोचले तेव्हा त्यांना उतरताच येईना. पाय खाली ठेवला तर जमीन लागते की नाही तेच समजेना. ते काठावर बसले, बूट काढला आणि लाल झालेली कड दाबत राहिले. मग प्रथमच त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. जवळ येऊन तळहात माझ्यावर आडवा ठेवला. हात एका बाजूला कलला. त्यांनी तो उचलला नाही. पाणी भरण्याचे विसरून ते तसेच बसून राहिले आणि मला वाटले, आपल्या गप्प राहण्याची लाज वाटणारे माझ्यासारखेच कोणीतरी आणखी या जगात आहे.

नंतर एकट्या उजव्या पायाने रेटत त्यांनी बाटल्या वेळेत पोचवल्या. साहेबांनी निरोप दिला की, बाईंना सांगा, टेबलाच्या कामात सुख आहे.

घरी वहिनी घमेल्यात पाय सोडून बसल्या होत्या. सासूबाई शेंगा सोलत होत्या. भावोजींनी सायकल भिंतीला लावली नाही. हातातच धरून उभे राहिले.

"वहिनी, तुमच्या पायात काही खोट नाही."

"एका फेरीत डॉक्टर झालात वाटतं."

"पायडल मी वाकडं बसवलंय. पडदे पोचवायला न विचारता सायकल नेली होती. वाटेत निघून आलं, तर दगडानं ठोकलं."

सासूबाईंच्या हातातील शेंग तशीच राहिली.

"बुटाचा दोष आहे म्हणालात," वहिनी म्हणाल्या.

"हो."

"आणि वर अस्तर शिवून दिलंत."

"हो."

वहिनींनी पाय घमेल्याबाहेर काढला आणि पदराने पुसला. "पाय दुखला त्याचं काही नाही. दुखणं येतं, जातं. पण मी रोज या पायाला शिव्या घातल्या. आता आपल्यात काही राम उरला नाही, असं धरून बसले. आणि तुम्ही शेजारी बसून बघत होतात."

सासूबाईंनी हातातील शेंग खाली ठेवली. "तुला शिवायला शिकवलं रे. जिभेला टाका घालायला कोणी शिकवलं?"

रविवारी भावोजी स्वतः सायकल दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने मला पाहिले आणि चार गिऱ्हाइकांपुढे विचारले की, कोणत्या गाढवाचा हा पराक्रम. "माझा," असे भावोजी म्हणाले. दुकानदार वरमला. मग त्याने उलट्या आट्यांची रीत समजावली. क्रँक वाया गेली होती आणि माझेही आटे झिजून संपले होते. माझ्या जागी नवे पायडल आले. मला मत्सर वाटला का, म्हणाल, तर नाही. आपल्यामुळे कोणाला दुखणार नाही, हे कळल्यावर जे वाटते ते मला वाटले. मला भंगाराच्या डब्यात टाकले जात असता भावोजींनी मागून घेतले आणि खिशात घातले.

सोमवारी वहिनी नव्या पायडलावरून गेल्या. उन्हे चढण्याच्या आत बाटल्या साहेबांच्या टेबलावर होत्या. साहेबांनी महिनाभर पाहू म्हटले. महिना सरला आणि फेरी वहिनींकडेच राहिली. पण घरात भावोजींशी त्या कामापुरते बोलत. पूर्वीची थट्टा नाही, हाक नाही. ताट वाढीत, तेही मुकाट्याने. भावोजींनी याबद्दल कोणापाशी तक्रार केली नाही.

मी हल्ली पडवीतच असते. कापताना कापड हलू नये म्हणून भावोजी मला त्याच्यावर ठेवतात. कात्री माझ्या कडेने जाते.

परवा एक बँडवाला कोट घालून पाहण्यासाठी आला. तो भला थोरला माणूस आरशासमोर उभा राहिला आणि अवघडून हात वरखाली करू लागला. उजवी बाही ओढत होती. तो बिचारा आपणच ओशाळला. "माझाच खांदा उतरता आहे हो. कर्णा धरून धरून झालाय तसा. तुम्ही तरी काय करणार?"

किती सोपे होते! नुसती मान हलवायची होती. भावोजींनी कापडावरील माझ्याकडे पाहिले नाही, कोणाकडेच पाहिले नाही. ते खाली मान घालून म्हणाले, "खांदा सरळ आहे तुमचा. बाही मी चुकीची जोडली. काढा, पुन्हा लावून देतो."

त्याच वेळी वहिनी फेरीवरून परतल्या होत्या आणि दाराशी बुटाची नाडी सोडत होत्या. बूट काढून त्या आत गेल्या. बँडवाला कोट ठेवून निघून गेला. भावोजी बाहीची शिवण उसवू लागले. थोड्या वेळाने आतून आवाज आला.

"भावोजी, चहा निवतोय."

मित्रांनो, सायकलीला तेलपाणी करा, आमचे आटे ओळखून आम्हाला बसवा, हे तर मी सांगेनच. पण माझी खरी विनवणी वेगळी आहे. कोणी आपल्याजवळ बसून स्वतःच्याच पायाला दोष देत असेल, आणि वाकडे काय बसले आहे हे आपल्याला ठाऊक असेल, तर तेलाची बुधली खाली ठेवा आणि आधी तोंड उघडा.