माझी कवटी पुन्हा काढा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी ड्रम आहे. रंग निळा, पोट मोठं. औरंगाबादजवळच्या एका कारखान्यात मी भरलेला आलो, तेव्हा माणसं जाड हातमोजे घालूनच मला हात लावत. माझ्या अंगावर कवटी आणि दोन हाडं काढलेली होती. ती पाहून लोक लांब सरत, आणि मला त्याचा अभिमान वाटे.

रिकामा झालो आणि मान संपला. भिंतीकडेला गंजत पडलो. तिथे माल उचलणाऱ्या सुग्रीवची नजर माझ्यावर गेली. तो राणीसावरगावचा. रान पिकेना म्हणून बायको दैवशाला आणि लहानगी लेक मनकर्णा यांना घेऊन सत्याऐंशी साली शहरात आला होता. पत्र्याच्या खोलीत नळ नव्हता. टँकर आला की पाणी साठवायला घागरीशिवाय काही नसायचं. मुकादम म्हणाला, "घेऊन जा, फुकट हाय."

दैवशाला मला पाहून हरखली. मग तिला कवटी दिसली.

"अवो, हे मढ्याचं चित्र लेकराच्या घरात कशाला?"

"कंपनीची निशानी असंल. घासून टाक."

तिने विटेच्या तुकड्याने कवटी घासून काढली. आतूनही राखेने घासलं, पण माझ्या बुडाच्या सांध्यात जे मुरलं होतं, ते राखेने निघणारं नव्हतं. मग गावाकडे नव्या रांजणाला लावतात तसं तिने कवटीच्या जागी हळदकुंकू लावलं. पहिला तांब्या गावाहून डब्यात आणलेल्या तुळशीला घातला. शेजारणी मला बघायला आल्या. इतकं कौतुक माझं कधी झालं नव्हतं, आणि मला भीती वाटत होती.

आधी तुळस वाळली. गावाहून आलेली सासू छबूबाई म्हणाली, "तुळस उगं वाळत न्हाई. नजर लागली कुनाची तरी." तिने माझ्या गळ्यात लिंबू-मिरची बांधली आणि तुळशीला आणखी पाणी घातलं, माझ्यातलंच. मग मनकर्णा अन्न टाकू लागली. पोट धरून बसायची, आणि तहान लागली की पेला घेऊन माझ्याकडेच यायची. मी काय करणार, मित्रांनो? लोखंडाला फक्त वाजता येतं, आणि भरलेला ड्रम वाजतही नाही.

एका सकाळी सुग्रीवने तिला चादरीत गुंडाळून खांद्यावर घेतलं. तिची मान ठरत नव्हती. "गावाकडंच नेतो. हितली हवा मानवत न्हाई लेकराला," म्हणाला. सगळे स्टेशनकडे गेले. मनकर्णाचं पुढे काय झालं, मला कळलेलं नाही.

जाताना दैवशालाने मला सेलूहून नव्याने आलेल्या सुलाबाईला देऊन टाकलं. चांगल्या मनाने दिलं. सुलाबाईने माझ्यावरचं कुंकू पाहिलं आणि हात जोडले. "पूजल्याला हाय. शुभ हाय." तिलाही एक लेकरू आहे.

मित्रांनो, रिकामं भांडं घरी आणाल तेव्हा त्यात आधी काय होतं ते विचारा. त्याच्या अंगावरची खूण अभद्र दिसली तरी पुसू नका, ती तुमच्यासाठीच असते. आणि कुणी इकडून जात असाल, तर एक कोळसा घ्या आणि माझी कवटी पुन्हा काढा. कुंकवावरच काढा. टँकर गल्लीत शिरला आहे. सुलाबाई घागर घेऊन निघाली आहे.