दोरा न जळणारा दगड

राधानगरीच्या वाटेवर पिराजी महाराजाच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. चौरंगावर काळाभोर, गुळगुळीत दगड. त्याला पांढरा दोरा आवळून गुंडाळलेला. महाराजानं तो समईच्या ज्योतीवर धरला. दोरा काजळला, पण जळला नाही.

"ईज पडली, तिच्या पोटातनं ह्यो दगड आला!" महाराज गरजला. "आगीची आई हाय ही! आईम्होरं लेकरू गप बसतंय का न्हाय? शुगर हाय? किडनी गेली? दगड धुतलेलं पाणी प्या, गोळ्या नदीत सोडा. आन् ग्रुपला जॉइन व्हा!"

बनाबाईनं हात जोडले. तिनं पंधरा दिवस इन्सुलिन घेतलं नव्हतं आणि पायाची करंगळी काळी पडत चालली होती. डॉक्टर म्हणाले होते, आज आली नाही तर पाय कापावा लागेल. भाची क्रांती तिला न्यायला आली होती.

क्रांतीची नजर दगडावर गेली आणि ती थबकली. पात्याजवळ पांढरी शीर, बुडाला टवका.

शाळेत इतिहास शिकवताना तिनं पोरांसोबत आदिमानवासारखी कुऱ्हाड घडवली होती. आधी ठोकून, मग वाळू-पाण्यानं फरशीवर घासून, बावीस दिवस. संध्याकाळी आत्याही उंबऱ्यात बसून घासायची, जात्यावर गावं तशी गुणगुणत. टवका तिच्याच हातून पडून उडाला होता. गेल्या महिन्यात प्रदर्शनातून कुऱ्हाड नाहीशी झाली.

"आत्या, ही आपली कुऱ्हाड."

"गप! देवाला आपलं म्हणू नगंस."

क्रांतीचं डोकं फिरलं. ती तडक प्रसादाच्या चुलीकडं गेली, वाटणाचा वरवंटा उचलून आणला, दोरा आवळून गुंडाळला आणि समईवर धरला. जळला नाही. मग तोच दोरा लाकडी काठीला गुंडाळला. भप्पकन पेटला.

"बघितलं? दगड धग ओढून घेतोय, म्हणून दोऱ्याला पेटायला ऊब मिळंना. लई वेळ धरला तर हाही जळंल. धरा की महाराज, पाच मिनटं!"

महाराजानं दगड शालीखाली घेतला.

मांडवात कुजबुज झाली. दगडाच्या पाण्याच्या रांगेत मागं उभ्या भाऊसोनं विचारलं, "मॅडम, मग वरवंटा धुतलेलं पाणी चालंल काय?"

हसू फुटलं. क्रांतीनं कपाळावर हात मारला. हेच! इतकं दाखवून झालं तरी माणसं विचारणार ते पाण्याचंच.

तेवढ्यात बनाबाई लंगडत पुढं आली. "महाराज, हात लावू द्या. पंधरा दिस भक्ती केली की." सगळ्यांसमोर भक्ताला नाही म्हणता येईना, म्हणून महाराजानं दगड शालीतून काढला. तिनं त्यावर अंगठा फिरवला. अंगठा टवक्यात जाऊन नेमका बसला.

"ह्यो माझ्याच हातनं पडलाता," ती हळूच म्हणाली. मग खाली वाकून तिनं पायाची चिंधी सोडली, सगळ्यांना दिसेल अशी. "पाणी प्यालो. हे बघा, काय झालंय."

मांडवातलं हसू विरलं.

"पोरी, चल. दवाखाना उघडा असंल न्हवं?"

दारात क्रांती वळली. आता तिच्या आवाजात राग कमी, विनवणी जास्त होती. "हा दगड विजेनं न्हाय, माणसानं घडवला. हजारो वर्षांपूर्वीही असाच, चुकत, शिकत. नवल करायचं तर त्या हातांचं करा. आणि हात जोडण्याआधी एकदा स्वतः करून बघा. गोळी तेवढी चुकवू नका."

रांग तशीच उभी होती. फक्त भाऊसो खिशातली गोळ्यांची पट्टी काढून बघत होता.