सुट्टीआजोबांची दाढी

"मुलांशी कधीही खोटं बोलू नये. हे घर सत्याच्या पायावर उभं आहे," कवळ्या बनवणाऱ्याने आरशासमोर ताठ उभं राहून जाहीर केलं. मग बायकोकडे वळून म्हणाला, "दाढी डावीकडून सुटतेय. अजून थोडा डिंक लाव."

"पायाचं नंतर बघू. आधी हनुवटी वर कर," ती म्हणाली.

सुट्टीआजोबा ही तिचीच निर्मिती. परीक्षा संपली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते यायचे. लेकीने, चिमीने, वर्षभरातली एक चूक त्यांच्या कानात सांगितली, की झोळीतून खेळणं निघायचं. दरवर्षी हे काम शेजारचे काका करत. यंदा त्यांच्या गुडघ्याने दगा दिला आणि झोळी तत्त्वनिष्ठ बापाच्या गळ्यात पडली.

चिमीने आजोबांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तुमच्या हातांना बाबांच्या खोलीसारखा वास येतो."

"मी दात तुझ्या बाबांकडूनच करून घेतले ना," आजोबा घोगऱ्या आवाजात म्हणाले. पायाची पहिली वीट निखळली.

चिमीला ते पटलं. तिने त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"ती कवळी अप्पांनी नाही पाडली. मी पाडली, खेळताना. अप्पा म्हणाले, तू गप्प बस, मी माझं नाव सांगतो. बाबांना सांगायचं नाही हं. शप्पथ?"

"शप्पथ," आजोबा म्हणाले. आवाज घोगरा करायची आता गरज उरली नव्हती.

थंडीतली गोष्ट. त्याच्या कामाच्या खोलीत तयार कवळी फरशीवर पडून दुभंगली होती आणि शेजारी त्याचे सासरे, अप्पा, उभे होते. गिऱ्हाइकासमोरच तो त्यांना म्हणाला होता, "दिसत नाही तर हात कशाला लावता? पुन्हा या खोलीत पाय ठेवू नका." अप्पांनी मान डोलावली होती. आणि पाय ठेवला नव्हता.

लाकडी आगगाडी घेऊन चिमी अंगणात पळाली. तो दाढी काढायला आत निघाला आणि अप्पांच्या दाराशी थबकला. हात दाढीपर्यंत गेला आणि तसाच खाली आला. तो आत शिरला.

अप्पा खिडकीशी बसून दुधात भिजवलेला पाव चमच्याने खात होते. अलीकडे त्यांचं जेवण कमी झालं होतं. वय झालं, असं घरात सर्वानुमते ठरलं होतं. त्यांनी वर बघितलं. चेहऱ्यावरची एकही सुरकुती हलली नाही.

"या आजोबा, बसा. या वयात फार दगदग करता."

"एक चूक सांगायची होती. माझी नाही. म्हणजे... तुमच्या जावयाची."

"एकच?"

"तो तुम्हाला नको ते बोलला. चारचौघांत. त्याला आता कळलंय."

"कसं कळलं?"

"ते सांगता येत नाही. शप्पथ घेतलीय."

अप्पांनी चमचा खाली ठेवला. बाहेर चिमी तोंडाने शिट्टी वाजवत गाडी ओढत होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं.

"मग मोडू नका," ते म्हणाले.

तो उठला. दाढीचं डावं टोक लोंबत होतं. अप्पांनी हात पुढे केला आणि ते अंगठ्याने दाबून नीट बसवलं.

"जावई भेटला, तर एक निरोप द्याल?"

"सांगा ना."

"माझी खालची कवळी थंडीपासून टोचतेय. खोलीत यायची परवानगी असेल, तर तेवढी घासून द्यायला सांगा."