घरी कोणी नसण्याची वेळ

फॉर्म समोर आला की आपण तो भरतो. एखादा रकाना रिकामा राहिला तर पेपरातला प्रश्न राहून गेल्यासारखी चुटपुट लागते. हे कशाला विचारताय, असं उलट विचारणं आपल्याकडे उद्धटपणात जमा होतं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका मराठी मंडळाने शाळकरी मुलांची वक्तृत्व स्पर्धा ठेवली आणि तिच्या वेबसाइटवर सतरा रकान्यांचा फॉर्म टाकला, तेव्हा त्रेपन्न मुलांनी तो असाच मुकाट भरला.

फॉर्म रचला होता चिटणीस रघुनाथरावांनी. नोंदी ठेवण्याचा त्यांना भारी नाद. मंडळाच्या दारात त्यांची अभ्यागत-वही असते; नाव, गाव आणि येण्याचं कारण लिहिल्याशिवाय आत कुणाला खुर्ची मिळत नाही. एकदा किल्ल्यावरून उतरलेलं एक माकड सभागृहात शिरलं होतं, त्याचीही नोंद आहे: नाव माहीत नाही, मुक्काम किल्ला, कारण केळी, गेले साडेचारला. खोटं वाटत असेल त्याने वही बघावी.

वेबसाइट बनवली विनिताने. ती एका शाळेत संगणक शिकवते आणि मंडळात सगळ्यांत तरुण, म्हणजे चाळिशीची आहे.

"काका, भाषणाच्या स्पर्धेला गोत्र कशाला?" तिने विचारलं होतं.

"असू दे. विचारलेलं बरं."

"आणि हे काय, 'घरी कोणी नसण्याची वेळ'?"

त्याला मात्र कारण होतं. या मंडळाचं निमंत्रण टपालाने जात नाही, मोबाइलवर तर नाहीच. चिटणीस स्वतः घरोघर जाऊन अक्षत आणि पत्रिका हातात देतात. गेल्या वर्षी अकरा घरांना कुलूप निघालं आणि रघुनाथराव तीन-तीन जिने चढून तसेच परतले. तेव्हा कुलपाची वेळ आधीच विचारून ठेवलेली बरी, असा त्यांचा साधा हिशोब. नियम वाचायला नुसतं डोकावणाऱ्यालाही आधी नाव आणि मोबाइल नंबर द्यावा लागे, कारण वहीत सही केल्याशिवाय आत येणं त्यांना पटत नसे. शिवाय 'आमचे स्पर्धक' या पानावर सगळी यादी, सतराच्या सतरा रकान्यांसकट.

"काका, हे सगळ्यांना दिसेल," विनिता म्हणाली होती.

"दिसू दे की. पारदर्शक कारभार."

विनिताने खांदे उडवले आणि यादी लावली.

त्या यादीत सोनल होती. अकरावीतली, शहरातल्या हजीरा भागात राहणारी. वडील जगदेवराव भोइटे यांचं नई सडकेवर पितळी भांड्यांचं दुकान. दुपारी आईही तिथेच असते. मागच्या वर्षी याच स्पर्धेत सोनल तिसऱ्या वाक्याला अडली होती आणि खाली येऊन बसली होती. यंदा ती वीस दिवस आरशासमोर बोलत होती. जिंकायचं नव्हतं; शेवटच्या वाक्यापर्यंत उभं राहायचं होतं.

यादी लागल्यावर तिला आधी कोचिंग क्लासवाल्यांचे फोन आले. मग एका विवाह मंडळाचा आला, आणि त्या बाईंना तिचं गोत्रही ठाऊक होतं. सोनलने तो किस्सा मैत्रिणींना हसत सांगितला. मंगळवारी सव्वादोनला आलेल्या फोनवर पुरुषाचा आवाज होता.

"सोनल बोल रही हो ना? इस टाइम तो घर पे अकेली रहती हो."

तिने फोन बंद केला, कडी लावली, दाराशी धान्याची कोठी सरकवली आणि आई-बाबा येईपर्यंत तिला टेकून बसून राहिली.

जगदेवरावांनी ठाण्यात तक्रार दिली. घरी येऊन सोनलचा मोबाइल कपाटात ठेवला आणि म्हणाले, "स्पर्धा राहू दे. उद्यापासून शाळा सुटली की सरळ दुकानात यायचं."

"पण बाबा, मैंने क्या किया? फॉर्म तर मंडळाचाच होता ना."

"तू काही नाही केलंस. पण मला धोका नको."

असं होतं बघा. चोर सापडत नाही, म्हणून कुलूप मुलीला लागतं.

शेजारच्या शालिनीताईंना हे दुसऱ्या दिवशी कळलं. शालिनीताई चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. निम्म्या ग्वाल्हेरची लग्नं त्यांच्या कानांवरून जुळली आणि मोडली, पण एकही त्यांच्या ओठांवर आलं नाही. नवऱ्याने चाळीस वर्षं खोदून विचारलं, शेवटी तोही दमला. त्यांनी संध्याकाळी जगदेवरावांना दुकान बंद करायला लावलं आणि बापलेकींना घेऊन मंडळात गेल्या. विनिताला आधीच बोलावून घेतलं होतं.

रघुनाथरावांनी सगळं ऐकलं. त्यांना वाईट वाटलं, पण ते म्हणाले, "ताई, हल्ली नंबर कुठूनही मिळतात हो. आमच्या वेबसाइटवरूनच गेला कशावरून?"

"नंबर मिळतो, मान्य. पोरगी घरात एकटी केव्हा असते, हे कुठून मिळतं?"

"ती वेळ मी माझ्यासाठी विचारली होती. पत्रिका द्यायला."

"मग तुमच्याच खिशात ठेवायची."

"आपली वही पन्नास वर्षं दारात उघडी आहे. कुणाचं वाईट झालं का?"

"ती वही वाचायला माणसाला चालत यावं लागतं, रघुनाथराव. तुमच्या नाकासमोर उभं राहावं लागतं. या वहीला दारच नाही. कोण वाचून गेलं ते तुम्हाला दिसत नाही, आणि तुम्ही काय काय मांडून ठेवलंत ते त्याला सगळं दिसतं." शालिनीताई खुर्चीवर पुढे सरकल्या. "मला रोज शेकडो माणसांचं कळायचं. कळलं म्हणून ते माझं होत नव्हतं. लाइन जोडून द्यायची आणि विसरायचं, त्याचाच पगार होता. तुम्हाला मुलांनी विश्वासाने सांगितलं, आणि तुम्ही ते चव्हाट्यावर टांगलंत."

रघुनाथराव अजून पटल्यासारखे दिसेनात.

"विनिता, ती यादी उघड," शालिनीताई म्हणाल्या. "आणि रघुनाथराव, तुमचा आवाज खणखणीत आहे. शेवटचा रकाना तेवढा वाचा. मोठ्याने."

रघुनाथरावांनी चष्मा लावला. "सोनल जगदेवराव भोइटे. दोन ते पाच, मी एकटी असते." जगदेवरावांनी मान वळवली. "पुढे... अभिराम. आई रात्रपाळीला, घरी फक्त आजी, तिला ऐकू येत नाही." आवाज खाली आला. "यशोधन. सकाळी कोणी नसतं, किल्ली कुंडीखाली..."

ते तिथेच थांबले. किल्ली कुंडीखाली असते, हे त्या पोराने प्रामाणिकपणे लिहिलं होतं. काकांना पत्रिका आत ठेवता यावी म्हणून.

"हे मी लिहवून घेतलं," ते म्हणाले. मग एकदम, "काढ ते, विनिता! आधी काढ!"

विनिताने पान काढलं. "काढलं, काका. पण ज्यांनी उतरवून घेतलं असेल त्यांच्याकडून परत आणता येत नाही. अठराच्या आतल्या मुलांची माहिती घ्यायची तर आई-वडिलांची संमती लागते, असा कायदाही झालाय. मला हे माहीत होतं. मी एकदा बोलले आणि सोडून दिलं. चूक माझीपण आहे."

"बाकीच्या घरांना कोण सांगणार?" जगदेवरावांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "त्यांना तर पत्ताच नाही."

"मी सांगतो," रघुनाथराव म्हणाले.

दोन दिवस ते फोन करत होते. काय बाहेर गेलं, किती दिवस दिसत होतं, आता काय काळजी घ्यायची, सगळं सांगून माफी मागत होते. दाल बाजारातल्या एका आजींनी त्यांना इतकं झोडपलं म्हणतात की फोन टेबलावर ठेवूनही शेजारच्या खोलीत ऐकू येत होतं. रघुनाथरावांनी शेवटपर्यंत ऐकलं. यशोधनच्या घरची किल्ली त्याच दिवशी कुंडीखालून हलली.

राहता राहिली सोनल. मंडळातून निघताना ती बापाला म्हणाली, "बाबा, मी काही नाही केलं, असं तुम्हीच बोलले ना? मग घरी मीच का बसू?"

जगदेवरावांनी शालिनीताईंकडे पाहिलं. त्या मध्ये पडल्या नाहीत. कुठे गप्प राहायचं ते त्यांना ठाऊक होतं.

"नंबर बदलून घेऊ," ते अखेर म्हणाले. "दुपारी ताईंकडे बस. आरसा तिकडे पण असेलच."

नवीन फॉर्म आला तो चारच रकान्यांचा: नाव, इयत्ता, शाळा आणि पालकांचा नंबर, तोही पालकांची संमती घेऊन. नियम वाचायला येणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. खाली सोनलने लिहून दिलेला मजकूर आहे: "हा नंबर फक्त स्पर्धेची वेळ कळवायला घेतला आहे. तो कुणाला दाखवणार नाही. निकालानंतर आठ दिवसांत सगळं पुसून टाकू. तुमचं नाव काढायचं असेल तर सांगा, कारण विचारणार नाही." शेवटचं वाक्य रघुनाथरावांना जड गेलं. कारण न विचारणं त्यांनी जन्मात केलं नव्हतं. पण राहू दिलं.

स्पर्धेच्या दिवशी नावं पुकारायला तेच उभे होते. "यानंतर कुमारी सोनल जगदेवराव भोइटे, राहणार..." त्यांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "एवढं पुरे. ये बाळ."

सोनल आली आणि शेवटच्या वाक्यापर्यंत उभी राहिली. तिसरी आली की चौथी, ते मंडळाच्या नोंदीत आहे.

नागरिकहो, दुसऱ्याची माहिती ही हातउसनी आणलेली वस्तू आहे. लागेल तेवढीच मागावी, झाकून आणावी आणि काम झालं की ठेवून घेऊ नये. आणि आपल्यापुढे सतरा रकाने आले, तर 'हे कशाला हवंय?' एवढं विचारायला लाजू नये. त्याने कुणी उद्धट होत नाही.