रिठ्याने धुतलेला हातमोजा

मी हातमोजा बोलतोय. हातमोजा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे लोकरीचं, अंगठ्याला भोक पडलेलं काहीतरी आलं असेल तर ते आधी पुसून टाका. मी आइस हॉकीच्या गोलरक्षकाचा, डाव्या हातात घालायचा, सुपाएवढा चामडी मोजा आहे. बर्फावरून सुसाट येणारी काळी रबरी चकती, म्हणजे पक, हवेतल्या हवेत झेलणं हे माझं काम. जर्मन लोक मला फांगहांड म्हणतात, म्हणजे पकडणारा हात. बाकी या खेळात जे काही चालतं तो मला विचाराल तर निव्वळ वेड्यांचा बाजार आहे.

माझ्या पोटात कुठल्याशा थंड देशातल्या गावाचं नाव शिवलंय. ते गाव मी पाहिलेलं नाही. मला शिवलं भलतीकडेच, घामाने निथळणाऱ्या बायकांनी, पंख्याखाली बसून. पण माणसांना वस्तूपेक्षा तिच्यावरच्या नावाचं कौतुक, त्याला कोण काय करणार.

माझा पहिला मालक जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्गमधला एक लाडोबा होता. पहिला पक माझ्यावर आदळला, बोटं झिणझिणली आणि त्याने भोकाड पसरलं. पुढच्या आठवड्यात त्याला घोडा हवा झाला. मी त्यांच्या गॅरेजमध्ये हिवाळी टायरांवर पडून राहिलो.

तिथून मला श्रीरंगने आणलं. हा ब्योब्लिंगेनला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, मूळचा पुण्याचा. मला उलटंपालटं करून त्याने इतके प्रश्न विचारले की लाडोबाच्या आईला घाम फुटला. "आल्झो, म्हणजे लेदर ओरिजिनल आहे ना?" असं तो बायकोला, मालिनीला, मराठीत विचारत होता, जणू ती चामड्याची व्यापारी होती. शेजारी त्यांची मुलगी उर्जा उभी होती. तिने काही विचारलं नाही. सरळ हात घातला.

मी तेव्हा ताठ होतो, मिटायचो नाही. असा मोजा मऊ करायचा तर पोटात पक ठेवून आवळून बांधतात आणि वर वजन ठेवतात. उर्जाने बापाचा जुना पट्टा घेतला आणि मला इडलीचं पीठ वाटायच्या दगडी ग्राइंडरखाली घातलं. गोलरक्षकाचा मोजा आणि ग्राइंडरखाली, माझी केवढी ती शोभा. पण मऊ झालो, हे खरं. मग तिचा घाम माझ्यात मुरत गेला आणि मला वास येऊ लागला. मालिनीने मला बाल्कनीत हाकललं. वास काय, लायकीचा पुरावा असतो तो, पण हे डिशवॉशरवाल्यांना कसं कळणार.

आता आईबाप नावाच्या जमातीबद्दल. काचेपलीकडे बसून ही मंडळी जे ओरडतात ते ऐकून मला कीव येते. श्रीरंग बर्फावर एकदाच उतरला होता आणि कठडा सोडायला तयार नव्हता. पण बाकावर बसला की "उर्जा, अँगल बघ, अँगल!" सुरू. इतर बापही तसलेच, फक्त त्यांच्या हातात बिअर.

गेल्या शरद ऋतूत स्टुटगार्टजवळच्या एका हॉलमध्ये अठरा वर्षांखालच्या मुलींची आंतरराष्ट्रीय स्पर्धा ठरली. उर्जा राज्याच्या निवड संघात होती. त्याआधी एका संध्याकाळी श्रीरंगने तिला समोर बसवलं.

"हे बघ उर्जा, या टुर्नामेंटला नॅशनल टीमची ट्रेनर येणार आहे. तिने कँपला बोलावलं तर तू म्हणशील तसं. नाही बोलावलं तर हे सगळं बंद. पुढे आबिटूअर आहे, बारावीसारखंच असतं ते. गेनाऊ, बरोबर ना?"

"ओके," उर्जा म्हणाली. तिला मराठी सगळं समजतं, पण बोलायची वेळ आली की ती जर्मनमध्ये शिरते. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मला मात्र कळलं, कारण त्या वेळी ती मला घालून बसली होती. आत मूठ घट्ट आवळली गेली आणि बराच वेळ सुटली नाही.

स्पर्धेचं उद्घाटन म्हणजे नमुना होता. कुणी पातळ बुटातले पुढारी बर्फावर अंथरलेल्या सतरंजीवर घसरत घसरत मैत्री आणि युरोप या विषयांवर बोलले. मुली थंडीत ताटकळल्या. मग खेळ सुरू झाला आणि शुक्रवारी, शनिवारी मी एकेक झेल असा घेतला की लोक उभे राहिले. टाळ्या अर्थातच तिला. मार खायचा मी आणि नाव व्हायचं तिचं, हा हिशोब मला कधी पटला नाही. आम्ही फायनलला पोचलो.

त्याच आठवड्यात श्रीरंगची मोठी बहीण, वीणाआत्या, पुण्याहून युरोप पाहायला आली होती. युरोपातलं तिला अजून काही आवडलं नव्हतं. मला पाहून तिने नाकाला ओढणी लावली. शिवाय तिचा नवरात्राचा उपास होता आणि ही गोष्ट ती कुणाला विसरू देत नव्हती. रविवारी खंडेनवमी. आपल्यात त्या दिवशी हत्यारं-अवजारं घासूनपुसून पूजेला मांडतात. श्रीरंगचा लॅपटॉप, मालिनीची विळी आणि गाडीची किल्ली एवढ्याने तिचं समाधान झालं नाही.

"पोरीची हत्यारं कुठायत?" तिने विचारलं.

शनिवारी दुपारी सेमीफायनल आटोपून उर्जा मला बाल्कनीत टांगून संघाबरोबर जेवायला गेली होती. रविवारी दुकानं बंद म्हणून श्रीरंग आणि मालिनी सामान आणायला बाहेर पडले. घरात आत्या आणि मी. तिने बाथटब कढत पाण्याने भरला, पुण्याहून केसांसाठी आणलेला रिठा त्यात कोळला आणि मला बुडवलं. ब्रशने घासलं. पाणी काळं झालं तसा तिला हुरूप आला. वर्षानुवर्षं मुरलेला घाम एका बाईने तासाभरात गटारात सोडला. मग मला हाइत्सुंगवर, म्हणजे खोली तापवायच्या हीटरवर, पसरलं आणि त्याची कळ पाचवर फिरवली. चामडं हे चामडं असतं, वाळवणाचा पापड नव्हे, हे त्या बाईला कुणी सांगायचं.

सकाळी मी पाटावर होतो, लॅपटॉपशेजारी. तळव्यावर हळदकुंकू, वर पिवळी शेवंती. मालिनीने मला उचललं आणि ती जागीच थांबली.

"अहो वन्सं, हा ओला केलात तुम्ही?"

"ओला काय, स्वच्छ केलाय. पूजेला घामट कातडं ठेवायचं का?"

उर्जाने हात घातला. बोटं मिटायचा प्रयत्न केला. मी मिटलो नाही. दोन्ही हातांनी दाबून पाहिलं, तरी मिटलो नाही. मग तिने मला नाकाशी नेलं आणि पहिल्यांदा तिचा चेहरा उतरला. श्रीरंग फोनवर दुकानं शोधू लागला. "हो, पण आज संडे आहे ना," तो स्वतःशीच पुटपुटत होता. आत्याला आता काय झालंय ते उमगलं होतं. ती खुर्चीत बसली.

"मी चांगल्यासाठीच केलं गं," ती म्हणाली. "तुझं चांगलं व्हावं म्हणून."

मला वाटलं, आता पोरगी तिला धारेवर धरेल. तिने धरावंच, अशी माझी इच्छा होती.

"पास्ट शोन, आत्या," उर्जा म्हणाली. म्हणजे, असू दे. आणि कुंकवासकट मला बॅगेत टाकलं. असल्या क्षमेचा मला भयंकर राग येतो.

हॉलमध्ये सरावाला पक माझ्यावर येऊन आदळायचे आणि खाली पडायचे. ट्रेनरने हाताने खूण केली. संघातली दुसरी गोलरक्षक, योहाना, पुढे आली आणि तिने आपला मोजा दिला. गुलाबी. कोरा. कपात आईस्क्रीम ठेवावं तसा दिसणारा. मला खेळाडूंच्या बाकासमोरच्या कठड्यावर, पाण्याच्या बाटल्यांशेजारी ठेवलं. आता बघू, मी म्हटलं. माझ्याशिवाय काय दिवे लावते ते बघू.

झेक मुलींनी पहिलाच फटका तिच्या डाव्या खांद्यावरून मारला. आणि तिने तो झेलला.

मी आजवर हे कधी पाहिलं नव्हतं. पाहणार कसा, मी नेहमी तिच्या हातावर असायचो. फटका बसायच्या आधी तिचा खांदा वळतो. गुडघा वाकतो. नजर पकवर नसते, मारणारीच्या मनगटावर असते. हात तिथे पोचतो तेव्हा सगळं ठरलेलं असतं, मोजा फक्त मिटतो. त्या गुलाबी भोपळ्यालाही मिटता आलं. ज्या झेलांवर मी इतकी मिजास केली ते सगळे तिचे होते.

आम्ही हरलो. शेवटी एक पक तिच्या पायांमधून गेला. श्रीरंग डोकं धरून बसला. आत्या दिवसभर पाण्यावर होती, आणि उपासाने पक अडत असते तर जगातल्या सगळ्या गोलरक्षक आत्याच असत्या.

मग राष्ट्रीय संघाची ट्रेनर खाली आली. उर्जा घामाने चिंब, मला काखेत धरून उभी होती. ट्रेनर म्हणाली, कँपला ये. एवढंच. मग तिची नजर माझ्याकडे गेली आणि तिने विचारलं, हे लाल काय आहे?

"आज आमच्यात अवजारांचे आभार मानतात," उर्जा जर्मनमध्ये म्हणाली.

"हा तर कामातून गेलाय ना?"

"हो. म्हणून याचे आभार आधी."

मला असल्या बोलण्याची सवय नाही.

आता मी इमारतीखालच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात आहे, सुटकेसेस आणि स्कीच्या जोडीशेजारी. उर्जाला नवा मोजा घेऊन दिलाय. आत्या पुण्याला परत गेली आणि तिथे सांगत असते म्हणे की पोरगी कँपला गेली ती पूजेमुळे. सांगू दे.

कँपला निघायच्या आदल्या दिवशी उर्जा खाली आली. मला उचललं, नाकाशी नेलं, "रिठा," म्हणाली आणि हसली. मग पोटात पक ठेवला, बापाच्या जुन्या पट्ट्याने आवळून बांधलं आणि वरून तो ग्राइंडर खाली आणून माझ्यावर ठेवला. अगदी पहिल्यासारखा.

दगड जड आहे. अजून मी पुरता मिटत नाही. पण मिटेन, असं वाटतं. ती परत आली की हात घालेल, घाम येईल, वास धरेल. तुम्हा लोकांकडे माझं एकच मागणं आहे, आणि तुमच्याकडून ते पाळलं जाईल अशी मला फारशी आशा नाही. मला आता कुणी धुऊ नका.